लॅपटॉपमधून निघालेल्या एनव्हीएमई एसएसडीसाठी केसिंग कोणतं घ्यावं?

पेटीपखवाज

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपमध्ये १ टीबीचा ड्राइव्ह टाकून घेतला, त्यामुळे मूळचा ५१२ जीबीचा एसएसडी सुटा झालाय. ड्राइव्ह चांगला आहे, पडून राहू नये असं वाटतं. बाहेरून वापरायचा तर केसिंग (ड्राइव्ह आत बसवून यूएसबीला जोडायची पेटी) लागणार. ऑनलाइन बघायला गेलो तर पाचशे-सहाशेपासून आठ-दहा हजारांपर्यंत केसिंगं दिसली आणि फोटोत सगळी सारखीच. एकावर १० जीबीपीएस, दुसऱ्यावर २०, तिसऱ्यावर ४०. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, इतकं सोपं हे नसणार.

वापर नीट सांगतो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. आम्ही काही मित्र कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले या भागातल्या जत्रांमधले दशावताराचे प्रयोग चित्रित करून ठेवतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, पुढचं सगळं नट उभ्या उभ्या बोलतात. त्यामुळे एका रात्री शंखासुराने जी धमाल केली किंवा राजाने बाकड्यावर बसून जे स्वगत म्हटलं, ते तसंच्या तसं पुन्हा कधी ऐकायला मिळत नाही. फाइल गेली की प्रयोगच गेला. दोन कॅमेरे असतात, दोन्ही फोरके. पहाटे दहीकाला होईपर्यंत कार्डं भरलेली असतात आणि दुसऱ्या रात्री पुढच्या गावाची जत्रा. म्हणजे सकाळी घरी पोचायच्या आत, निदान दुपारपर्यंत तरी, कार्डं रिकामी व्हायला हवीत.

या कामासाठी या ड्राइव्हला कसलं केसिंग घालू?

तपकीरगल्ली

आधी ड्राइव्ह ओळखू, मग केसिंगचं बोलू. इथेच निम्म्या लोकांचे पैसे वाया जातात.

एम.२, म्हणजे तुमच्या ड्राइव्हसारखी लांबट पट्टी, हा फक्त आकार आहे. त्याच आकारात साटा (जुनी, हळू पद्धत) ड्राइव्हही येतात आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) ड्राइव्हही. सोन्याच्या पट्ट्यांच्या कडेला बघा. एकच खाच असेल तर तो जवळपास नक्की एनव्हीएमई. दोन खाचा असतील तर बहुधा साटा, पण काही जुने एनव्हीएमई ड्राइव्हही दोन खाचांचे होते, म्हणून शेवटचा शब्द स्टिकरचा. त्यावर 'एनव्हीएमई' किंवा 'पीसीआयई' लिहिलेलं असतं. फक्त साटासाठीच्या केसिंगमध्ये एनव्हीएमई ड्राइव्ह चालत नाही, आणि उलटही नाही. दोन्ही चालवणारी केसिंगं मिळतात, तसं वर्णनात स्पष्ट लिहिलेलं असतं.

मग लांबी. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. हल्ली पातळ लॅपटॉपमध्ये २२४२ आणि २२३० सुद्धा येतात. सगळ्या लांब्यांना स्क्रूची किंवा रबरी खुंटीची जागा आहे का, ते बघून घ्या.

आणि हे कळवा:
लॅपटॉपला कोणती पोर्ट आहेत?
कॅमेऱ्याचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहितो) किती?
कार्डं कोणती?
एडिटिंग कुठल्या मशीनवर होतं?

पेटीपखवाज

स्टिकरवर एनव्हीएमई, पीसीआयई जेन ३ बाय ४ असं आहे. खाच एकच. लांबी २२८०. चिप्स एकाच बाजूला, मागची बाजू सपाट आहे.

लॅपटॉपला टाइप-ए ५ जीबीपीएसची दोन आणि टाइप-सी १० जीबीपीएसचं एक पोर्ट आहे. कॅमेरे १०० एमबीपीएसवर चालतात. कार्डं साधी यूएचएस-१ एसडी. एडिटिंग कुडाळला आमचा मित्र एम२ मॅक मिनीवर करतो.

तपकीरगल्ली

उत्तम. आता हिशोब करू, कारण या कामात हिशोबानेच बरंच काही ठरतं.

एमबीपीएस, जीबीपीएसमध्ये बिट मोजतात, आणि आठ बिटचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेऱ्यांचे ९० जीबी. पाच तासांचा प्रयोग धरला तर ४५० जीबी. तुमचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसेल (विंडोज १०२४च्या पटीत मोजतं), आणि त्या मापात ४५० जीबी म्हणजे साधारण ४१९. एक रात्र मावते. दोन मावत नाहीत. हे आत्ताच लक्षात ठेवा.

आता वेग. यूएचएस-१ कार्डाची वाटच सेकंदाला १०४ एमबीची आहे, प्रत्यक्षात ९०च्या आसपास मिळतात. ४५० जीबी ९०च्या वेगाने उतरवायला ५००० सेकंद, म्हणजे सुमारे एक तास वीस मिनिटं. केसिंग ४० जीबीपीएसचं घेतलं तरी हा वेळ एका मिनिटाने कमी होणार नाही. कार्डातून डेटा जितक्या वेगाने निघेल तितक्याच वेगाने पुढे जाईल. या पहिल्या उतरवणीला ५ जीबीपीएसचं केसिंगही पुरतं, त्यातून सेकंदाला ४०० एमबीच्या वर जातात.

वेळ खरंच वाचवायचा असेल तर दोन कार्ड रीडर घ्या आणि दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं एकाच वेळी लावा. पाऊण तासाच्या आत काम होईल. केसिंगवर जास्तीचे चार हजार घालण्यापेक्षा हे परवडतं.

तरीही मी १० जीबीपीएसचंच घ्या म्हणेन, कारण लॅपटॉपवरून मॅकवर, मॅकवरून दुसऱ्या ड्राइव्हवर अशा पुढच्या प्रती करताना कार्ड मध्ये नसतं. तिथे ४३० आणि १००० यांतला फरक कळतो. एनव्हीएमईसाठीची बहुतेक बरी केसिंगं तशीही १०चीच असतात, दीड-दोन हजारांच्या आसपास.

२० जीबीपीएसच्या वाटेला जाऊ नका. त्याला २x२ पद्धतीचं (दोन मार्गांनी एकदम डेटा नेणारं) पोर्ट लागतं, ते तुमच्या लॅपटॉपला नाही, आणि एम२ मॅकवरही ते केसिंग १०वरच येऊन थांबेल.

फ्रेमदरफ्रेम

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मी लग्नं आणि माहितीपट दोन्ही एडिट करतो. मॅक मिनी एम२ला थंडरबोल्ट ४ची दोन पोर्ट आहेत. एएसएम२४६४पीडी चिपचं यूएसबी४, म्हणजे ४० जीबीपीएसचं केसिंग घेतलं तर पेटीपखवाज यांच्या त्याच ड्राइव्हमधून मॅकवर सेकंदाला ३००० एमबीच्या आसपास निघतील. ड्राइव्हवरूनच थेट एडिट करता येईल, कॉपी करायची गरजच नाही. आणि पुढे दुसरा, मोठा ड्राइव्ह घेतला तरी केसिंग तेच. एकदाच पैसे घालून मोकळं व्हावं, असं माझं मत.

दुसरा फायदा फार लोक सांगत नाहीत. हल्लीच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची झटपट मेमरी) नसतो, ते कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेऊन कोणता डेटा कुठे आहे याचा नकाशा ठेवतात. साध्या यूएसबी केसिंगमध्ये ती उसनवारी बंद होते, यूएसबी४मध्ये पीसीआयईचा रस्ता थेट मिळत असल्यामुळे चालू राहू शकते.

तपकीरगल्ली

@फ्रेमदरफ्रेम, डीरॅमचा मुद्दा अगदी बरोबर, आणि तुमच्या कामाला यूएसबी४ शोभतं. पण यांचं फुटेज १०० एमबीपीएसचं आहे. दोन कॅमेरे एकत्र टाइमलाइनवर घेतले तरी सेकंदाला २५ एमबी लागतात. प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये (एडिटिंगसाठीचा मोठ्या फाइलींचा फॉरमॅट) बदलून घेतलं तरी यूएचडी, म्हणजे फोरके, ३० फ्रेमला एका प्रवाहाला ११० एमबी, दोनांना २२०. १० जीबीपीएसच्या केसिंगमधून १००० निघतात. उरलेल्या वेगाचं ते करतील काय?

शिवाय यूएसबी४ची केसिंगं जास्त तापतात, काहींना आत पंखा असतो. देवळाच्या आवारात लॅपटॉपच्या बॅटरीवर कॉपी चालू असताना जास्तीचे वॉट कशाला? तोच पैसा मी दुसऱ्या प्रतीसाठीच्या हार्ड डिस्कवर घालीन.

फ्रेमदरफ्रेम

२२०चा हिशोब मान्य. यांच्या फुटेजला १० पुरेल. मल्टिकॅम चार कॅमेऱ्यांवर गेलं तर पुन्हा बोलू.

खारेवारे

रत्नागिरीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. वेगाचं वर झालं, मी चिप, उष्णता आणि वीज यांवर लिहितो. बिघाड होऊन माझ्या टेबलवर येणारी केसिंगं या तीन कारणांनीच येतात.

चिप. केसिंगच्या आत एक ब्रिज चिप असते, ती एनव्हीएमईचं बोलणं यूएसबीत बदलते. केसिंग म्हणजे मुळात ही चिपच, बाकी ॲल्युमिनियमची पेटी. १० जीबीपीएसच्या वर्गात तीन नावं लक्षात ठेवा: रिअलटेकची आरटीएल९२१० (हिच्या 'बी' प्रकारात साटा आणि एनव्हीएमई दोन्ही चालतात), जेमायक्रॉनची जेएमएस५८३ आणि एएसमीडियाची एएसएम२३६२. तिन्हींवर चांगली केसिंगं मिळतात. जाहिरातीत चिपचं नावच नसेल तर विक्रेत्याला प्रश्न विचारा, उत्तर आलं नाही तर पुढचं बघा. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या मधेच चिप बदलतात, म्हणून हातात आल्यावर तपासा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघितला की कळतं: ०बीडीए असेल तर रिअलटेक, १५२डी जेमायक्रॉन, १७४सी एएसमीडिया.

उष्णता. ॲल्युमिनियमचंच घ्या, प्लॅस्टिकचं पारदर्शक केसिंग एनव्हीएमईला घालू नका. २.५ इंची साटाला ते चालतं, ती फारशी तापत नाही. बहुतेक घरगुती ड्राइव्हना ७० अंशांपर्यंत चालायची मुभा असते. त्याच्या आसपास किंवा थोडं वर गेले की ते स्वतःच वेग कमी करतात. पण केसिंग कितीही जाड असलं तरी ड्राइव्हची उष्णता त्याच्या भिंतीपर्यंत पोचली पाहिजे, आणि ते काम थर्मल पॅडचं. पॅडच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लॅस्टिक फिल्म असते, बहुधा एक निळसर आणि एक पारदर्शक. पारदर्शक फिल्म दिसतच नाही आणि तशीच राहते. नखाने कोपरा उचलून दोन्ही काढा. पॅड चिप्सच्या बाजूला, ड्राइव्हच्या स्टिकरवरच बसवायचा. स्टिकर सोलू नका, वॉरंटी त्यावर असते. तुमच्या ड्राइव्हची मागची बाजू सपाट आहे, त्यामुळे एकाच पॅडवर भागेल. बसवल्यावर केसिंग बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा उघडा. पॅडवर चिप्सच्या कडांचा ठसा उमटला असेल तर तो वरच्या झाकणाला टेकतोय. ठसा नसेल तर पॅड पातळ पडतोय, याहून अर्धा मिमी जास्त जाड असा दुसरा आणा. काम चालू असताना केसिंग हाताला चांगलं गरम लागलं तर घाबरू नका, उष्णता बाहेर येतेय असा त्याचा अर्थ. आतला ड्राइव्ह भाजतोय आणि बाहेरची पेटी थंडगार, ही लक्षणं वाईट.

वीज. यूएसबी ३च्या टाइप-ए पोर्टला ५ व्होल्टवर ९०० मिलीअँपिअर देण्याचं बंधन आहे, म्हणजे साडेचार वॉट. काही एनव्हीएमई ड्राइव्ह लिहिताना त्याहून जास्त ओढतात. मग ऐन कॉपीत ड्राइव्ह गायब होतो, 'टिंग' आवाज येतो आणि पुन्हा दिसतो. लोक ड्राइव्हला दोष देतात. म्हणून तुमच्या लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टलाच लावा, आणि मध्ये वीज नसलेला हब नको.

हा गायब होण्याचा प्रकार काही केसिंगमध्ये फर्मवेअरमुळेही (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) होतो. थोडा वेळ काम नसलं की चिप झोपते आणि उठताना ड्राइव्ह सापडत नाही. एका गिऱ्हाइकाच्या केसिंगचं हेच रडगाणं होतं, विक्रेता बदलून द्यायला तयार नव्हता. शेवटी फर्मवेअर बदलून चालू झालं. म्हणून परत घेण्याची मुदत नीट असलेल्या ठिकाणीच घ्या आणि मुदतीच्या आत चांगला राबवून बघा.

आणि कोकणातली हवा. पूर्ण बंद पेटीचं केसिंग घ्या. उघड्या पाटीवर ड्राइव्ह खोचायचे डॉक मिळतात, ते बाकी ठिकाणी ठीक, पण खाऱ्या दमट हवेत पट्ट्यांवर डाग धरतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवा.

माळावरची

छान चाललाय धागा. मी एका ग्रंथालयात जुन्या ध्वनिफितींच्या डिजिटायझेशनचं काम करते, म्हणून मला एका वाक्याने थांबवलं: "फाइल गेली की प्रयोगच गेला."

पेटीपखवाज दादा, हा ड्राइव्ह प्रवासाचा ठेवा. त्यात मोलाचं काही कायमचं राहू देऊ नका. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार वीज न मिळता हळूहळू ओसरतो. जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जेईएसडी२१८ मानकात घरगुती एसएसडीची अट अशी आहे की, ठरलेलं सगळं लिहून झालेला ड्राइव्ह बंद अवस्थेत ३० अंशांवर एक वर्ष माहिती टिकवेल. नव्या किंवा कमी वापरलेल्या ड्राइव्हला याहून पुष्कळ जास्त मिळतं. पण तापमान वाढलं की मुदत घटते, आणि कपाटात चार उन्हाळे काढण्यासाठी ही वस्तू बनलेली नाही. कायमच्या साठ्याला साध्या हार्ड डिस्क, त्याही दोन आणि वेगवेगळ्या गावी. एक सावंतवाडीला, एक कुडाळला. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत घराबाहेर, हा नियम आम्ही पाळतो.

आणि कॉपी झाली म्हणजे झाली असं समजू नका, ताडून बघा. विंडोजवर टेराकॉपीसारखं साधन कॉपीनंतर दोन्ही बाजूंचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून दाखवतं. त्याला वेळ लागतो, पण हा वेळ वाचवू नये. कार्ड फॉरमॅट कधी करायचं याचाही नियम करा: दोन ठिकाणी ताडलेली प्रत आल्याशिवाय नाही. जत्रेतून दमून आल्यावर डोकं चालत नाही, नियमच चालतो.

पेटीपखवाज

माळावरची ताई, हे मनापासून पटलं. आमच्याकडे आत्तापर्यंत सगळं मॅकला लावलेल्या एकाच हार्ड डिस्कवर आहे. दुसरी याच महिन्यात घेतो. खारेवारे, पॅडच्या ठशाची युक्ती फार उपयोगी.

फॉरमॅट कोणता करू? विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरणार आहे.

माळावरची

एक्सफॅट. मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही, आणि फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटचा एक दोष जाणून घ्या: त्यात जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, त्यामुळे लिहिताना केबल निघाली तर फाइलची नोंद बिघडू शकते. विंडोज १० पासून 'झटपट काढणे' हीच मूळ सेटिंग असली तरी इजेक्ट करूनच काढा, दर वेळी.

लिनक्सवारी

दोन गोष्टी राहिल्या.

हा ड्राइव्ह विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपमधून निघालाय ना? मग केसिंगमध्ये घातल्यावर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं साधन) रिकव्हरी की मागेल अशी शक्यता धरा. होम आवृत्तीतही मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. की त्याच खात्यात साठवलेली असते. आतलं काही हवं असेल तर की शोधून आधी ते काढून घ्या. काही नको असेल तर सरळ पुसा. डिस्क मॅनेजमेंटमधून ईएफआय आणि रिकव्हरीची पार्टिशनं निघणार नाहीत, त्यासाठी डिस्कपार्टमधली 'क्लीन' ही आज्ञा लागते. ती देण्याआधी डिस्कचा क्रमांक आणि आकार मोठ्याने वाचा. लॅपटॉपमधला आहे १ टीबीचा, हा ५१२चा, ते एक बरं आहे.

दुसरं, तब्येत. केसिंगमधून क्रिस्टलडिस्कइन्फोने ड्राइव्हचं आयुष्य आणि तापमान दिसतं का बघा. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्सला रिअलटेक, जेमायक्रॉन, एएसमीडिया तिन्हींच्या एनव्हीएमई ब्रिजमधून डोकावता येतं. किती टीबी लिहून झालंय ते बघा. ५०० जीबीच्या चांगल्या टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हला कंपन्या साधारण ३०० टीबी लिखाणाची हमी देतात. लॅपटॉपमध्ये दोन-तीन वर्षं चाललेला ड्राइव्ह त्याच्या जवळपासही नसतो.

ट्रिम (कोणती जागा पुसली गेलीय हे ड्राइव्हला कळवणारी आज्ञा) सगळ्या केसिंगमधून नीट जातेच असं नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे पार्टिशन करताना ३०-४० जीबी जागा मोकळीच सोडायची, ड्राइव्हला आवराआवर करायला ती कामी येते. पण पुसल्यानंतर ती जागा खरंच मोकळी झाली पाहिजे, म्हणून लॅपटॉपच्या आत असतानाच ट्रिम किंवा सिक्युअर इरेज करून घेतलेलं उत्तम. आता बाहेर निघालाय तर निदान लिनक्सवर एकदा करून बघा.

तपकीरगल्ली

३०-४० जीबी सोडली तर पाच तासांचा प्रयोग जेमतेम मावेल, लिनक्सवारी. ४७६मधून ४० गेले की ४३६, आणि यांना ४१९ लागतात. प्रयोग लांबला की अडचण. यांच्या बाबतीत जागा सोडू नये. दर जत्रेनंतर ड्राइव्ह पूर्ण रिकामा होणारच आहे.

लिनक्सवारी

बरोबर. यांच्यासाठी तो सल्ला मागे.

पेटीपखवाज

कळवायला थोडा उशीर झाला. केसिंग आलं. ॲल्युमिनियमचं, १० जीबीपीएस, बंद पेटी, टाइप-सी. हार्डवेअर आयडी ०बीडीए, म्हणजे रिअलटेक. बिटलॉकरने की मागितलीच, खात्यात सापडली. आत दोन जुन्या तालमींचे फोटो होते, ते काढून घेतले आणि मग पुसून एक्सफॅट केलं.

बसवताना ड्राइव्ह तिरका धरून खाचेत सरकवायचा, मग हलक्या हाताने खाली दाबून रबरी खुंटीने अडकवायचा, एवढंच काम होतं. पॅडवर पारदर्शक फिल्म खरोखरच होती आणि दिसत नव्हती. ठसा नीट उमटला.

लॅपटॉपच्या टाइप-सीवर मोठ्या फाइली ९००च्या वर जातायत, क्रिस्टलडिस्कइन्फोत ५८ अंश. पण कुडाळला मॅकवर लावला तर ४० एमबी! तिथे मित्राच्या टेबलवरची टाइप-सी केबल वापरली होती, बऱ्यापैकी जाड दिसणारी. पोर्ट थंडरबोल्टचंच.

तपकीरगल्ली

४० एमबी म्हणजे यूएसबी २.०, म्हणजे केबल. फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या टाइप-सी केबल बहुतेक ४८० एमबीपीएसच्याच असतात. त्या जाड दिसतात ते जास्त वीज नेण्यासाठी, त्यात वेगवान डेटाच्या तारा नसतात. केसिंगबरोबर आलेली छोटी केबल लावा. मॅकवर 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये यूएसबीखाली '१० जीबीपीएसपर्यंत' असं दिसलं पाहिजे.

आणि ती केबल केसिंगलाच रबरबँडने बांधून ठेवा. जत्रेच्या धावपळीत हाताला येईल ती केबल लागते आणि दीड तासाचं काम तीन तासांवर जातं.

टाइप-ए लावताना आणखी एक: प्लग हळूहळू रेटत लावला तर काही वेळा आधी २.०च्या पट्ट्या टेकतात आणि जोडणी २.०वरच ठरते. वेग कमी वाटला तर काढून एका दमात लावा.

पेटीपखवाज

केबलच होती. बरोबरची लावल्यावर मॅकवरही ९००च्या वर.

परवाच्या जत्रेत खरी परीक्षा झाली. दोन कार्ड रीडर घेतले होते, देवळाच्या धर्मशाळेत बसून दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं एकदम लावली. पेटीवाले काका चहा घेऊन बाजूला बसले होते. त्यांनी आख्यानातला त्यांचा आवडता तुकडा लगेच बघायला मागितला आणि कॉपी चालू असताना तो अडखळता लागला, पण लागला. कॉपी संपेपर्यंत ड्राइव्ह ५० अंशांच्या वर गेला नाही. मग चेकसम जुळवले. दुपारी कुडाळला हार्ड डिस्कवर प्रत, नवीन दुसऱ्या हार्ड डिस्कवर आणखी एक, तेव्हाच कार्डं फॉरमॅट केली. सगळ्यांचे आभार.

सह्यकडा

धागा वाचून एक प्रश्न. माझ्याकडे २.५ इंची साटा एसएसडी आहे, २४० जीबी. टीव्हीला लावून घरचे व्हिडिओ बघायचेत. त्यालाही ॲल्युमिनियम आणि १० जीबीपीएस लागेल का?

खारेवारे

नाही. साटाची स्वतःची कमाल ५५०च्या आसपास, ५ जीबीपीएसचं पाचशे-सहाशेवालं केसिंग पुरे, प्लॅस्टिकचंही चालेल. यूएएसपी (यूएसबीवरून डेटा वेगाने नेण्याची पद्धत) लिहिलेलं बघून घ्या. उंची ७ मिमी आहे का ९.५ ते मोजा, पातळ ड्राइव्ह आत खुळखुळला तर बरोबर आलेली फोमची पट्टी लावा. फॉरमॅट टीव्हीच्या पुस्तिकेत बघून ठरवा, काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत.

लिनक्सवारी

आणि पुढे कधी तो रास्पबेरी पाय ४ला (एका छोट्या पाटीवरचा कॉम्प्युटर) लावायचा विचार आला तर: पाय ४ची चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. एक साटा एसएसडी बहुधा निभावते, दोन लावल्या तर वीज असलेला हब घ्या. काही साटा केसिंगच्या चिप्स पायवर यूएएसपीमध्ये अडकतात, त्या चिपपुरतं यूएएसपी बंद करता येतं. वेग थोडा कमी होतो पण ड्राइव्ह मधेच गायब होत नाही.

सह्यकडा

७ मिमीच आहे. टीव्हीच्या पुस्तिकेत एनटीएफएस आणि फॅट३२ लिहिलंय, एक्सफॅट नाही. म्हणजे एनटीएफएस करतो. धन्यवाद.